काडी आत जात नाही

आमच्या शेजारच्या आजोबांकडे 1964 सालची पाँटिअॅक जीटीओ आहे. बाहेरून गडद निळी, आतून पांढरी. वर्षातले सहा महिने ती गॅरेजमध्ये चादर पांघरून झोपलेली असते आणि ऑगस्ट जवळ आला की तिचं माहेरपण सुरू होतं: धुणं, पुसणं, मेण लावणं, संध्याकाळी गल्लीतून एक फेरी. गेल्या ऑगस्टात, डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, आजोबा असेच तिचं चाक पुसत बसले होते आणि माझी आठ वर्षांची लेक त्यांच्या अवतीभवती घुटमळत होती. या गाडीच्या बॉनेटवर दोन नाकपुड्या आहेत. पत्रा वर उचललेला, तोंडाशी चकचकीत पट्ट्या. बघताक्षणी वाटावं, आत एखादं जनावर दडलंय आणि त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलीय. सईने लॉनमधली गवताची लांब काडी उपटली आणि एका नाकपुडीत सारायला लागली. काडी वाकली. दुसऱ्या नाकपुडीत सारून बघितली, तिथेही वाकली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली (तिच्या तक्रारी सगळ्या मराठीतच असतात), "आई, काडी आत जात नाहीये. मागे पत्रा आहे."

आजोबांनी मान वर करून विचारलं, काय म्हणतेय ती? मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. कुणाकडे जेवायला जावं आणि आपल्या पोराने भर पंगतीत भाजी खारट आहे म्हणावं, तसं. मी भाषांतर करून सांगितलं. आजोबा हसले, "नाहीच जाणार," म्हणाले आणि फडकं झटकून पुढच्या चाकाकडे सरकले.

एवढंच.

पण सईची काडी नाकपुडीत शिरली नाही ती माझ्या डोक्यात शिरली. त्याला कारण माझी नोकरी. मी गाड्यांच्या आवाजावर काम करते. डेट्रॉइटच्या आसपास जी मराठी घरं आहेत, त्यांतल्या निम्म्यांची चूल गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर पेटते. कुणी ब्रेकवाले, कुणी सीटवाले, मी आवाजवाली. पहिली दहा वर्षं नको असलेले आवाज हुडकण्यात गेली. कुठला स्क्रू करकरतो, कुठल्या वेगाला दरवाजा गुणगुणतो, कानाला यंत्र लावून बसायचं. आता उलटं झालंय. विजेच्या गाडीला आवाजच नसतो, तो बनवून द्यावा लागतो. ताशी 30 किलोमीटरच्या खाली बाहेर आवाज यायलाच हवा असा इथे कायदा आहे. रस्ता ओलांडणाऱ्या आंधळ्या माणसाला गाडी आलेली कळायला हवी. ते काम मी समाधानाने करते. दुसरं काम मात्र असं की गाडीच्या आत, स्पीकरमधून, फक्त चालवणाऱ्याच्या कानासाठी एक खोल गुरगुर वाजवायची. पायाखाली काहीतरी दांडगं जिवंत आहे असं वाटलं पाहिजे. हे कुठल्याही कायद्यात नाही. पेट्रोलच्या गाड्यांतही गेली दहा-बारा वर्षं इंजिनाचा आवाज स्पीकरमधून फुगवून ऐकवतात, ते फार कुणाला ठाऊक नसतं. येत्या सोमवारी मला अशाच एका गुरगुरीच्या नऊ फाइली गिऱ्हाइकाला ऐकवायच्या होत्या. आणि शुक्रवारी माझ्या पोरीने साठ वर्षांपूर्वीच्या गाडीच्या नाकात काडी घालून दाखवली.

आधी वाटलं ते समाधान. म्हणजे आम्हीच काही नवीन पाप करत नाही! मग थोडा रागही आला. कारण सहा वर्षं मी त्या गाडीकडे बघून मनात म्हणत होते की ही खरी, आमच्या खोट्या.

ती गाडी जन्माला आली तीच एका पळवाटेतून. 1963 च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींत भाग घ्यायला बंदी केली. पाँटिअॅक हा त्यांतलाच एक विभाग, आणि त्याची तोवरची सगळी पत शर्यतींवर उभी होती. शिवाय मधल्या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असाही वरचा नियम होता. तिथल्या जॉन डिलोरिअन नावाच्या मुख्य अभियंत्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 389 घन इंचांचं मोठ्या गाडीचं इंजिन उचलून मधल्या गाडीत बसवलं. आठ सिलिंडर, आणि त्यातला एकेक सिलिंडर आमच्या बाबांच्या मारुती 800 च्या अख्ख्या इंजिनाएवढा. नियमाचं काय? नियम नव्या गाडीला होता, गिऱ्हाइकाने वरून मागितलेल्या जादा सामानाला नव्हता. मग झालं, जीटीओ हे सुमारे 300 डॉलरचं जादा सामान म्हणून यादीत शिरलं. विक्रीच्या साहेबांनी कुरकुरत 5,000 गाड्यांना होकार दिला. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या.

आणि नाव! ते सरळ फेरारीकडून उचललं. ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो, म्हणजे शर्यतीत उतरायला रीतसर मान्यता मिळालेली गाडी. ज्या कंपनीने शर्यतींवर बंदी घातली तिच्या गाडीला हे नाव, आणि तिला मान्यता कुणीही, कशासाठीही दिलेली नाही. फेरारीचे भक्त चिडले, आणि चिडले ते बरंच झालं. सगळीकडे चर्चा.

या चर्चेमागे जिम वँगर्स नावाचा माणूस होता. हा अभियंता नव्हे, जाहिरात कंपनीतला. पण हाडाचा शर्यतवाला. 1960 साली राष्ट्रीय ड्रॅग (म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) स्पर्धेत पाँटिअॅक चालवून जिंकलेला. या गाडीचं खरं गिऱ्हाईक बापाच्या वयाचं नाही, सिग्नलला शेजारच्या गाडीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणारं पोरगं आहे, हे त्याला साहेबांच्या आधी कळलं होतं. त्याने गाडीचं गाणं होऊ दिलं. अशा गाण्याला हातभार लावला की त्यात चक्क कार्बोरेटरांची आणि गिअरची वर्णनं होती, आणि ते 1964 मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. गाडीच्या नावाचे बूट निघाले. वाघाची शेपटी, वाघाचं कातडं, वाघाचे पंजे अशी सगळी वाघनखं काढून झाली. आणि 1964 च्या मार्चमध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या मुखपृष्ठावर दोन जीटीओ झळकल्या, पाँटिअॅकची आणि फेरारीची, जणू आमनेसामने. ते चित्र होतं, हाताने काढलेलं. त्या चाचणीला फेरारी आलीच नव्हती.

आजोबा तेव्हा 17 वर्षांचे. वुडवर्डवरच्या एका पंपावर दुसऱ्यांच्या गाड्यांत पेट्रोल भरत होते. तो अंक त्यांच्याकडे अजून आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जसा आपल्याकडे एखाद्या घरात पंचांगाच्या घडीत जुना फोटो जपलेला असतो. त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तो मला आणून दाखवला. सईच्या काडीचं उत्तर म्हणून असावं. आतल्या पानावर एका आकड्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. शून्यापासून ताशी 60 मैल: 4.6 सेकंद.

"या आकड्याने मला वीसेक वर्षं छळलं," आजोबा म्हणाले.

गाडी त्यांनी घेतली 1974 च्या वसंतात. अरबांनी तेल अडवलं होतं, पंपांवर रांगा होत्या, आणि विम्याचे हप्ते असे वाढलेले की तरण्या पोराला गाडीपेक्षा विमा जड जावा. "लोक तेव्हा या गाड्या भटक्या कुत्र्यांसारख्या सोडून देत होते," त्यांचे शब्द. एका नव्या नव्या बाप झालेल्या मुलाकडून त्यांनी ही मिळवली. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, बायकोला हातात घड्याळ देऊन शेजारी बसवायचे आणि पाय दाबायचे. सात सेकंद. पुन्हा. सहा-नऊ. टायर बदलून, टाकी अर्धी ठेवून, डिकीतलं जास्तीचं चाक काढून. सातच्या फारसं खाली काही ती यायची नाही. आजीबाई कंटाळल्या, घड्याळ परत दिलं. आजोबांनी मनाशी ठरवून टाकलं की गाडीत खोट नाही, माझाच पाय मंद आहे. गिअर टाकताना माझाच हात अडखळतो. मासिकातल्या माणसांना जमतं ते मला जमत नाही.

पुढे नव्वदच्या दशकात वँगर्सने आपल्या आठवणींत सांगून टाकलं. चाचणीला दिलेल्या गाडीत 389 चं इंजिनच नव्हतं. रॉयल पाँटिअॅक नावाच्या डीलरने तिच्यात 421 घन इंचांचं बसवलं होतं. पाँटिअॅकची ही इंजिनं बाहेरून एकसारखी दिसतात. बॉनेट उघडूनही चाचणीवाल्यांच्या लक्षात आलं नाही. तो डीलर इथलाच, आमच्या रॉयल ओकमधला.

मी विचारलं, मग राग आला असेल तुम्हाला. आजोबांनी थोडा वेळ घेतला. म्हणाले, "पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. माझा पाय बरा निघाला ना!" मग अंक पिशवीत सरकवत म्हणाले, "राग नंतर आला. थोडा."

दुसऱ्या दिवशी वुडवर्डवर गेलो. ही जत्रा 1995 मध्ये सुरू झाली, फर्नडेल नावाच्या उपनगरातल्या मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला म्हणून. आता फर्नडेलपासून पाँटिअॅक गावापर्यंत सोळा मैल रस्ता जुन्या गाड्यांनी भरून वाहतो. लोक पहाटेच कडेला घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरतात, अगदी गणपतीच्या मिरवणुकीला लक्ष्मी रोडवर धरतात तशा. मी भडंगाचा डबा नेला होता. तो आजोबांच्या मित्रमंडळात फिरला आणि रिकामा परत आला. या गर्दीत मला सगळ्यात आधी जाणवतो तो वास. आजच्या गाड्या धूर गाळून सोडतात. या सोडत नाहीत. न जळलेलं पेट्रोल, तापलेलं रबर, कुणाच्या तरी रेडिएटरमधून उडालेलं गोडसर पाणी. तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. आणि आवाज कानात नाही, फासळ्यांत वाजतो. मोठा व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, जागेवर चालू असला की त्याची लय जराशी लंगडते, धड-धड-धडध्-धड, आणि खुर्चीच्या अॅल्युमिनियमच्या दांड्यातून ती मांडीपर्यंत येते. हे मी प्रयोगशाळेत नऊ फाइलींत करायला बघतेय आणि इथे एक टकल्या गृहस्थ आइस्क्रीम खाता खाता एका पायाने करतोय.

आदल्या रात्री मी आणखी एक गोष्ट बघत बसले होते, ती त्या गर्दीत बसल्यावर पुन्हा आठवली. पाँटिअॅकच्या जुन्या जाहिराती. 1959 पासून दहा-बारा वर्षं त्यांच्या जाहिरातींत फोटो जवळजवळ नसायचेच, चित्रं असायची. आर्ट फिट्झपॅट्रिक गाडी रंगवायचा आणि व्हॅन कॉफमन भोवतालची माणसं नि देखावा. चित्रातली गाडी खऱ्या गाडीपेक्षा रुंद. फूटभर तरी रुंद वाटते, रस्ता कवेत घेऊन बसलेली. मागे समुद्र, कुठलंसं युरोपातलं बंदर, दिवे, उतरत्या खांद्यांच्या बायका. हे सगळं कुणासाठी? मिशिगनच्या चिखलात, मिठाने गंजणाऱ्या रस्त्यांवर ही गाडी चालवणाऱ्यांसाठी. मी मोजपट्टी घेऊन बसणारी बाई, पण खरं सांगते, ती चित्रं बघताना मला एकदाही मोजावंसं वाटलं नाही. गाडी तशीच रुंद असायला हवी होती, असंच वाटत राहिलं.

दुपारी रोड रनर नावाची एक जांभळट गाडी समोरून गेली आणि चालवणाऱ्या बाईंनी भोंगा दाबला. बीप बीप. कडेची सगळी पोरं ओरडली. त्या भोंग्याबद्दल मला धंद्यातला आदर आहे. 1968 च्या मॉडेलसाठी प्लिमथ कंपनीने ठरवलं की पोरांना परवडेल अशी दांडगी गाडी काढायची. किंमत तीन हजार डॉलरच्या आत, 2,896. आत गालिचा नाही, रबराची चटई. सीट म्हणजे सरळ बाक. सगळा पैसा इंजिनात. आणि एवढी काटकसर करून त्यांनी 50,000 डॉलर मोजले ते वॉर्नर ब्रदर्सना, कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव नि चित्र वापरायला. वर त्याच्यासारखा आवाज काढणारा भोंगा बनवायला आणखी 10,000 गेले असं सांगतात. गालिचाला पैसे नाहीत, बीपबीपला आहेत! आमच्या ऑफिसात हा हिशेब कुणी मांडला असता तर त्याला घरी बसवलं असतं. पुढच्या वर्षी त्या 84,000 च्या वर खपल्या.

मग सगळेच सुटले. रंगांना प्लम क्रेझी, टॉप बनाना, सब्लाइम अशी नावं. गो मँगो नावाचा एक रंग आहे, तांबूस नारिंगी. हापूसवर वाढलेल्या माणसाने तो बघून निषेधाचं पत्र पाठवावं असा. पाँटिअॅकने टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातल्या एका घोषवाक्यावरून गाडीचं नाव 'जज' ठेवलं. ती रोड रनरला उत्तर म्हणून स्वस्तात काढायची ठरली होती, प्रत्यक्षात साध्या जीटीओपेक्षा तीनशेहून जास्त डॉलर महाग झाली. आणि 1970 च्या जीटीओत एक मूठ आली. डॅशबोर्डखालची मूठ ओढली की सायलेन्सरची वाट मोकळी होते आणि गाडी गुरकावते. सुपर बोलच्या दिवशी तिची जाहिरात टीव्हीवर लागली: एक पोरगा खानावळीच्या आवारात गाडी हळूहळू फिरवतो, मूठ ओढतो, बाकीचे बघत राहतात. एवढीच. वरच्या साहेबांनी जाहिरात लगेच बंद केली, मूठही. ती जाहिरात मी किती वेळा बघितली असेन याची गणती नाही. माझ्या नऊ फाइलींची ती आजी आहे. फरक इतकाच की त्या मुठीमागे खरी नळी होती.

आकडेही असेच कपडे घालून यायचे. तेव्हाचे अश्वशक्तीचे आकडे इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा नाही, हवेचं गाळणं नाही, खरा सायलेन्सर नाही, अशा अवस्थेत मोजलेले. म्हणजे फुगवलेले. आणि त्याच वेळी काही गाड्यांचे मुद्दाम कमी सांगितलेले. फोर्डचं 428 कोब्रा जेट कागदावर 335, शेव्हरोलेची झी-28 कागदावर 290. विमा कंपनीला आणि साहेबाला हे आकडे, नाक्यावर पोरांच्या कानात वेगळेच. एकाच आकड्याने दोन थापा. 1972 पासून सगळं गाडीत बसवून मोजायला लागले, तेव्हा पाँटिअॅकचं सगळ्यात मोठं इंजिन जवळजवळ तसंच असून 335 वरून 300 वर आलं. लोकांना वाटलं, वर्षभरात गाडीची ताकद गेली. धुराच्या कायद्याने आणि कमी दाबाच्या इंजिनांनी ती खरोखरही जात होतीच, त्यामुळे खरं काय गेलं नि कागदावरचं काय गेलं हे कुणालाच नीट कळलं नाही. 1966 मध्ये 96,946 जीटीओ खपल्या होत्या. 1972 मध्ये 5,807.

एकच खरी बोललेली जाहिरात मला सापडली. 1970 साली अमेरिकन मोटर्सने 'द मशीन' नावाची लाल-पांढरी-निळी गाडी काढली आणि जाहिरातीत लिहिलं की ही काही कॉर्व्हेट किंवा हेमी इंजिनाच्या गाडीइतकी पळत नाही. पण फोक्सवॅगन, रमतगमत जाणारी मालगाडी आणि तुमच्या बापाची कॅडिलॅक यांच्यापेक्षा नक्की जास्त पळते. मला ही जाहिरात मनापासून आवडते. गाड्या खपल्या 2,326.

आणि एक जाहिरात अजिबात आवडत नाही. तशी ती गमतीशीरच आहे. 1966 च्या सुमारास डॉजची घोषणा होती, डॉज रिबेलियन, डॉजचं बंड. एक सोनेरी केसांची मुलगी बंडात सामील व्हा म्हणून हाक मारायची. दोनच वर्षांनी, 1968 च्या मे महिन्यात, हॅमट्रॅमकमधल्या डॉजच्या मुख्य कारखान्यात लाइनचा वेग फार वाढवला म्हणून कामगार बाहेर पडले, आणि त्यातून काळ्या कामगारांनी डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट उभी केली. हे बंड जाहिरातीतलं नव्हतं, त्यामुळे त्यात सामील झालेल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये डेट्रॉइट शहरातल्या दंगलीत 43 माणसं मेली होती. वुडवर्ड अॅव्हेन्यू सुरू होते ती खाली नदीपासून, त्या शहरातून. जत्रा भरते ती वर, उपनगरांच्या हद्दीत. कडेला खुर्ची टाकून भडंग खाताना मी हे दरवर्षी विसरते. तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला आणि पुढे पाडला. त्या जागी आज जनरल मोटर्सचा विजेच्या गाड्यांचा कारखाना आहे. आवाज नसलेल्या गाड्यांचा.

रात्री सई झोपल्यावर मला एकदम सांगली आठवली. सायकलच्या मागच्या चाकाला कपड्यांच्या चिमट्याने पत्ता अडकवायचा, तारांवर आपटून तो फटफट वाजतो. साधा पत्ता लवकर फाटतो. जोकर जरा जाड. गल्लीत आम्ही चार-पाच जण अशा राजदूत नि येझदी पळवायचो. माझी येझदी होती. दुपारी आजीचा मेंढीकोटचा डाव बसला की सत्ती-अठ्ठी कमी निघायची आणि मग माझ्या नावाने शंख. मला आठवतं, उतारावर वेग घेतला की फटफटीचा आवाज लांबून एकसंध व्हायचा, आणि त्या चार-पाच सेकंदांत ती सायकल आहे हे मी खरंच विसरलेली असायचे. कुणी फसवलं नव्हतं मला. चिमटा मीच लावला होता.

रविवारी संध्याकाळी मी लॅपटॉप आणि मोठे हेडफोन घेऊन आजोबांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, ऐकता का? त्यांनी टोपी काढली, हेडफोन चढवले, डोळे मिटले. नऊच्या नऊ फाइली ऐकल्या. देवळात कीर्तन ऐकणाऱ्या माणसासारखी त्यांची मान मधूनमधून हलत होती. सातव्या फाइलीला पाय हलला, डावा, क्लचचा. मग हेडफोन काढून म्हणाले, "छान आहे. पण ही आजारी कधीच पडत नाही का?" मला कळेना. "सकाळी थंड इंजिन चालू केलं की ते आधी खोकतं. एक-दोन ठोके चुकतात. मग त्याला घसा सापडतो. तुझी बाई झोपेतून उठते तीच पावडर लावून."

सोमवारी मी मीटिंगच्या आधी तास काढून सातव्या फाइलीला सुरुवातीला एक खोकला घातला. पाव सेकंद, दोन ठोके चुकलेले. कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाकडच्या तिघांपैकी एकाने कपाळाला आठी घातली आणि विचारलं, सुरुवातीला काहीतरी बिघडल्यासारखं ऐकू येतंय का? मी म्हटलं, रेकॉर्डिंगमधली चूक असेल, काढते. काढला. खोकल्याची फाइल माझ्याकडे वेगळी ठेवलीय, नाव 'आजोबा'.

ऑक्टोबरच्या शेवटी आजोबांनी गाडी थंडीसाठी आत घेतली. त्याचा एक विधीच असतो. टाकीत पेट्रोल खराब होऊ नये म्हणून औषध, बॅटरी काढून शेल्फवर, चाकांखाली लाकडी फळ्या. गॅरेजमध्ये हिवाळ्यात उंदीर शिरतात आणि ऊब शोधत गाडीत घरटी करतात, म्हणून मागच्या दोन्ही नळ्यांत स्टीलच्या काथ्याचे गोळे ठासायचे, हवेच्या गाळण्याच्या तोंडातही. सईला ते काम मिळालं होतं. हातात मोजे घालून ती मन लावून गोळे करत होती. सगळी भोकं बुजवून झाल्यावर एक गोळा उरला. तो घेऊन ती पुढे गेली, टाचा उंच करून बॉनेटवर वाकली.

"तिथे नको," आजोबा चादर उलगडता उलगडता म्हणाले, "तिथून काही आत जात नाही."

सईने तरी त्या दोन नाकपुड्यांत अर्धा अर्धा गोळा कोंबला. आजोबांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आणि चादरीचं एक टोक माझ्याकडे दिलं.